कार्बोरेटर जुळविताना

मोटार पेट्रोलवर चालते, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळावयाचे तर त्यासाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. तेव्हा मोटार पेट्रोलपेक्षा हवेवरच अधिक चालते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. पेट्रोल आपण पैसे मोजून घेतो, म्हणून त्याची आठवण राहते; हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब आपण ठेवीत नाही. हा हिशेब ठेवण्याचे काम सुमारे शंभर वर्षे ज्या एका लहानशा उपकरणाकडे होते, त्याचे नाव कार्बोरेटर. आजच्या मोटारींत ते काम इंजेक्टर आणि त्यांच्यावर देखरेख करणारा छोटा संगणक करतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाची मानके लागू झाली, आणि त्यानंतर नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जवळजवळ दिसेनासा झाला. परंतु हौसेने सांभाळलेल्या ज्या जुन्या गाड्या आजही रस्त्यावर येतात, त्यांचा सारा जीव या उपकरणातच आहे. त्यांपैकी काही गाड्यांना एक नव्हे, तर दोन कार्बोरेटर असतात. हे दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळविणे म्हणजे काय, आणि ते कोणत्या क्रमाने करावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम प्रमाणाचा प्रश्न पाहू. वजनाने मोजल्यास एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे रसायनशास्त्राने घालून दिलेले प्रमाण आहे. चढावर पूर्ण शक्ती हवी असेल तेव्हा हवेचा हा वाटा सुमारे साडेबारापर्यंत खाली आणावा लागतो. पेट्रोल जास्त झाले तर मिस्त्री त्या मिश्रणाला ‘रिच’ म्हणतात आणि कमी पडले तर ‘लीन’. आपण येथे दाट आणि पातळ असे शब्द वापरू. दाट मिश्रणाने धूर काळा होतो, प्लगांवर काजळी धरते आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. पातळ मिश्रणाचे दुष्परिणाम मात्र डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. गाडी जरा अडखळते, उष्ण होते, आणि अशीच दामटली तर एक दिवस एक्झॉस्ट झडपेची कड जळून जाते. दाट मिश्रण तक्रार करीत राहते. पातळ मिश्रण मुकाट्याने नुकसान करते. हा भेद सुरुवातीसच ध्यानात ठेवलेला बरा, कारण काटकसरीच्या मोहाने नवशिक्याचा हात नेहमी पातळ बाजूकडेच वळतो.

हे प्रमाण राखण्याचे प्रयत्न मोटारीच्या जन्मापासून झाले. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी अशी रचना सिद्ध केली की, एंजिनाने ओढलेली हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जावी आणि जाताना तिने बारीक भोकातून पेट्रोल खेचून त्याचे तुषार करावेत. कल्पना सुरेख होती, पण तिच्यात एक उणीव होती. गळा आणि भोक दोन्ही ठराविक मापाचे. हवेचा ओघ मात्र कधी मंद, तर कधी प्रचंड. एका वेगाला जुळविलेले प्रमाण दुसऱ्या वेगाला बिघडू लागले. तो दोष झाकण्यासाठी पुढे जादा भोके, जादा नळ्या आणि छोटे पंप यांची भर पडत गेली.

इंग्लंडमधील जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०५ च्या सुमारास याला निराळेच उत्तर शोधले. स्किनर यांचे घराणे मूळचे पादत्राणांच्या व्यापारातले. भोके वाढविण्याऐवजी गळ्याचा आणि भोकाचा आकारच हवेबरोबर कमीजास्त व्हावा, अशी त्यांची योजना होती. त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरात हवेबरोबर वरखाली होणारा एक चामड्याचा भाता होता. चामड्याच्या व्यवहारात वाढलेल्या माणसाला लोहाराच्या भात्यासारखी युक्ती सुचावी, यात एक प्रकारचे औचित्य आहे. पुढे भात्याची जागा धातूच्या दट्ट्याने घेतली. ‘स्किनर्स युनियन’ या नावाची आद्याक्षरे घेऊन हा कार्बोरेटर एस. यू. म्हणून प्रसिद्धीस आला. १९२६ साली विल्यम मॉरिस यांनी ती कंपनी विकत घेतली, आणि त्यानंतर कित्येक दशके इंग्रजी मोटार आणि एस. यू. कार्बोरेटर ही जोडी जवळजवळ अतूट राहिली.

या उपकरणाची रचना एकदा समजली की पुढील सारे काम सुलभ होते. त्याच्या माथ्यावर घंटेसारखे एक टोपण असते. टोपणाच्या आत एक दट्ट्या स्वतःच्या भाराने आणि एका हलक्या स्प्रिंगच्या दाबाने खाली बसलेला असतो. दट्ट्याच्या तळाशी निमुळती होत गेलेली एक सुई असून ती खालच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल ज्यातून वर येते त्या भोकात, उतरलेली असते. एंजिन हवा ओढू लागले की त्या ओढीचा परिणाम टोपणातील पोकळीपर्यंत पोहोचतो आणि दट्ट्या वर उचलला जातो. हवा जास्त असेल तर तो जास्त उचलला जातो. गळा रुंदावतो, आणि त्याच वेळी सुई वर सरकल्यामुळे तिच्याभोवतीची फटही वाढते. अशा रीतीने हवेबरोबर पेट्रोल आपोआप वाढते. जेटवरची ओढ मात्र सर्व वेगांना जवळजवळ सारखीच राहते. दट्ट्याच्या पोकळ दांड्यात थोडे तेल असते, तेही निरर्थक नव्हे. अॅक्सिलरेटर एकदम दाबला असता दट्ट्याने चटकन उडी घेऊ नये, क्षणभर रेंगाळावे, आणि तेवढ्या वेळात मिश्रण थोडे दाट मिळून गाडीने झेप घ्यावी, यासाठी ते तेल असते. हे तेल आटले की गाडी उचल घेत नाही, आणि मालक मात्र महागडे सुटे भाग शोधीत फिरतो.

आता दोन कार्बोरेटरांकडे वळू. उदाहरणासाठी मी एम. जी. बी. ही गाडी घेतो. ऑक्सफर्डजवळील अॅबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत ही दोन आसनांची गाडी तयार होत होती आणि तिच्या सर्व प्रकारांची मिळून पाच लाखांहून अधिक नगे बाहेर पडली. तिचे १७९८ घन सेंटिमीटरचे एंजिन आपल्याला अगदीच परके नाही. २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या अॅम्बॅसडरमध्ये बरीच वर्षे १४८९ घन सेंटिमीटरचे जे एंजिन होते, ते आणि हे एकाच कुळातले. अॅम्बॅसडरचे काम एका कार्बोरेटरवर भागत असे, एम. जी. बी.ला १९७४ पर्यंत दीड इंची गळ्याचे दोन एस. यू. कार्बोरेटर असत. पुढचा कार्बोरेटर पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरला, आणि मागचा तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरला मिश्रण पुरवितो. दोघांचे मार्ग एका समतोल नळीने जोडलेले असतात खरे. पण ती नळी किरकोळ तफावत सावरते, दोघांतील मोठा असमतोल ती मिटवू शकत नाही.

दोन कार्बोरेटर ठेवण्याचा हेतू असा की, प्रत्येक सिलिंडरला मिश्रण जवळच्या वाटेने आणि भरपूर मिळावे. पण या सोयीबरोबर एक जबाबदारी येते. एकाने जास्त हवा घेतली आणि दुसऱ्याने कमी, तर दोन सिलिंडर इतर दोघांना ओढीत नेतात. गाडी उभी असता थरथरते, वळणावर मंद होताना गचके देते, आणि मालकाला वाटते की गाडीचे वय झाले. वस्तुतः वय झालेले नसते. दोन सहकाऱ्यांतील कामाची वाटणी बिघडलेली असते. मैफलीत गायकाच्या मागे दोन तंबोरे असतात. त्यांतील प्रत्येक तंबोरा स्वतःपुरता सुरात असला तरी दोहोंचा षड्ज एक नसेल तर गाणे उभे राहत नाही. येथेही तसेच आहे, आणि तंबोऱ्याप्रमाणे येथेही अखेरचा निर्णय कानाचाच असतो.

हे सारे पुस्तकात वाचून मला ठाऊक होते. तरीही माझ्या हातून जी चूक झाली ती सांगितल्यावाचून पुढील क्रमाचे महत्त्व पटणार नाही. दिल्लीतील वास्तव्यात माझ्या शेजारी एक निवृत्त सेनाधिकारी राहत. त्यांच्याकडे १९६६ सालची एम. जी. बी. होती. गाडी अडखळू लागली, मिस्त्री ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तसे होऊ लागले, आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला. वास येतो त्या अर्थी मिश्रण दाट आहे, असे अनुमान आम्ही दोघांनी काढले. तीन रविवार आम्ही मिश्रणाचे नट पिळीत राहिलो. मागच्या कार्बोरेटरचे मिश्रण तर आम्ही बरेच पातळ केले, कारण तिकडचे प्लग अधिक काळे दिसत होते. वास थोडा कमी झाला. त्या समाधानात कर्नलसाहेब गाडी घेऊन जयपूरला जाऊन आले. परत आले तेव्हा चौथ्या सिलिंडरचा दाब जवळजवळ नाहीसा झालेला होता.

काश्मिरी गेटच्या मोटार-बाजारात उभा जन्म घालविलेल्या एका वृद्ध मिस्त्रींना अखेर बोलाविले. त्यांनी बॉनेट उघडले, पण कार्बोरेटरांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले, आतील दांडा दोन बोटांत धरून हलविला आणि आम्हांस दाखविला. दांड्याला खेळ पडला होता. त्यामुळे कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट प्रत्येक फेऱ्यात बदलत होती. ठिणगी कधी वेळेवर पडे, कधी पडतच नसे. जे मिश्रण पेटले नाही ते तसेच बाहेर पडून वास मारीत होते. आम्ही त्याला दाट समजून पातळ करीत गेलो, आणि त्या पातळ मिश्रणाने जयपूरच्या वाटेवर झडप जाळली. “साहेब, आधी नाडी पाहावी, मग श्वास,” एवढेच ते म्हणाले. एंजिनाचे हेड उतरवावे लागले आणि झडप इंग्लंडहून येईपर्यंत गाडी दोन महिने उभी राहिली. त्या दोन महिन्यांत मी जे शिकलो, ते पुढीलप्रमाणे आहे.

पहिला नियम असा की, कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावावयाचा. त्यापूर्वी झडपांची फट तपासावी; या गाडीस ती एंजिन थंड असता ०.०१५ इंच लागते. प्लगची फट ०.०२५ इंच आणि कॉन्टॅक्ट पॉइंटची ०.०१४ ते ०.०१६ इंच असावी. ठिणगीची वेळ जुळलेली असावी. हवेच्या गाळण्या स्वच्छ असाव्यात. कार्बोरेटर जेथे एंजिनास जोडलेला असतो तेथील गॅस्केट फाटलेले नसावे. थ्रॉटलचा आडवा दांडा झिजून त्याच्या कडेने चोरटी हवा आत येत नसावी. जी हवा गळ्यातून न जाता अशी आडवाटेने आत शिरते, तिचा हिशेब कार्बोरेटरला कळत नाही. अशी गळती असेल तर पुढील सारे श्रम वाया जातात.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. टोपणाचे स्क्रू काढून दट्ट्या अलगद बाहेर घ्यावा आणि पेट्रोलने पुसावा. पॉलिश पेपरचा उपयोग कदापि करू नये. प्रत्येक टोपण आणि त्याचा दट्ट्या ही कारखान्यात जुळवून दिलेली जोडी असते. पुढच्याचा दट्ट्या मागच्यात गेला तर दोन्ही जोड्या बिघडल्या म्हणून समजावे. म्हणून एका वेळी एकच कार्बोरेटर उघडावा. बसविल्यानंतर दट्ट्या बोटाने उचलून सोडावा. तो अडखळल्याशिवाय खाली येऊन ‘टक्’ असा धातूचा आवाज झाला पाहिजे. आवाज आला नाही तर सुई जेटच्या कडेस घासत आहे, असे समजून जेट मध्यावर आणावा. नंतर दांड्याच्या पोकळीत पातळ एंजिन-तेल घालावे.

येथे सावधगिरीचा एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. पुढील काम एंजिन चालू ठेवून करावयाचे असते. धुराड्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही आणि वासही नाही. बंद गॅरेजमध्ये तो थोडक्या वेळात माणसाचा प्राण घेऊ शकतो. म्हणून गाडी उघड्यावर आणावी. जवळ अग्निशामक नळकांडे असावे, आणि सैल बाह्या व गळपट्टे पंख्यापासून दूर असावेत.

आता प्रत्यक्ष जुळणी. एंजिन नेहमीच्या कामाइतके तापू द्यावे. मग ते थांबवून दोन्ही कार्बोरेटरांच्या थ्रॉटलांना जोडणाऱ्या दांड्यावरील पकडी सैल कराव्यात. साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि घाईत तीच सर्वांत अधिक वेळा वगळली जाते. दोघे परस्परांस बांधलेले असताना एकाचा स्क्रू फिरविला की दुसराही हलतो, आणि कोणाचा दोष कोणाच्या माथी आहे हे कधीच कळत नाही. दोघांना समान करावयाचे असेल तर प्रथम दोघांना स्वतंत्र केले पाहिजे.

स्वतंत्र केल्यावर दोघांचे मंद गतीचे स्क्रू सारखेच, सुमारे एक फेरा, आत फिरवून एंजिन चालू करावे. आता दोन-तीन फूट लांबीची रबरी नळी घ्यावी. तिचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे प्रथम एका कार्बोरेटरच्या व नंतर दुसऱ्याच्या तोंडाशी, अगदी त्याच जागी आणि तितक्याच अंतरावर न्यावे. हवेचा फूत्कार ऐकू येईल. ज्याचा आवाज मोठा तो जास्त हवा घेतो. एकाचा स्क्रू किंचित आत, दुसऱ्याचा किंचित बाहेर, असे करीत दोन्ही फूत्कार सारखे करावेत, आणि एंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांवर आणावे. हवेचा ओघ मोजणारी उपकरणेही विकत मिळतात, आणि ज्याचा कान तयार नाही त्याने ती खुशाल वापरावीत. ध्यानात ठेवावयाचे ते हे की, स्क्रूचे फेरे मोजून समानता येत नाही. दोन्ही स्क्रू बरोबर एक फेरा फिरविले तरी दोघे सारखी हवा घेतीलच असे नाही, कारण दोघांची झीज सारखी नसते. कागदावर नियम समान असला म्हणजे परिणाम समान होतो, हा भ्रम कचेरीत जितका महाग पडतो तितकाच तो येथेही पडतो.

हवा समान झाली की मगच मिश्रणाकडे वळावे. जेटच्या खाली एक षट्कोनी नट असतो. तो वर नेला की जेट वर सरकून मिश्रण पातळ होते, खाली आणला की दाट होते. सुरुवातीस दोन्ही जेट गळ्याच्या तळाशी सपाट येईपर्यंत वर न्यावेत आणि तेथून नटाचे दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली आणावेत. यापुढे एका वेळी एकच पैलू फिरवावयाचा. कार्बोरेटरच्या कडेस दट्ट्या उचलण्याची एक बारीक पिन असते. तिने दट्ट्या केवळ एक बत्तिसांश इंच उचलावा आणि एंजिनाकडे कान द्यावा. गती वाढून वाढलेलीच राहिली, तर मिश्रण दाट. एंजिन लगेच मंदावले किंवा बंद पडू लागले, तर पातळ. गती क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाली, तर मिश्रण योग्य. पुढच्याची परीक्षा झाली की मागच्याची घ्यावी, आणि मग पुन्हा पुढच्याची, कारण एकाच्या बदलाने दुसऱ्याच्या परिस्थितीतही थोडा फरक पडतो. दर दोन-तीन मिनिटांनी एंजिन अर्धा मिनिट सुमारे २५०० फेऱ्यांवर चालवून साफ करून घ्यावे. नाहीतर मंद गतीत साचलेले पेट्रोल आपल्याला फसविते.

मिश्रण सुधारले की एंजिनाची गती वाढते. म्हणून नळी पुन्हा कानाशी धरून हवेची समानता तपासावी. हवा, मिश्रण आणि पुन्हा हवा, असे दोन-तीन वेळा केल्यावर ज्याला सुधारण्यासारखे काही उरत नाही असा एक बिंदू येतो. त्यानंतरच सैल केलेल्या पकडी पुन्हा घट्ट कराव्यात. आणि त्या अशा बसवाव्यात की अॅक्सिलरेटर दाबताच दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडू लागतील. याची खात्री मंद गतीवर होत नाही. एंजिन सुमारे १५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवून दोन्ही फूत्कार पुन्हा ऐकावेत. उभ्या गाडीत समान असलेले दोघे कामाला लागल्यावर भिन्न झाले, तर दोष कार्बोरेटरांचा नसून जोडणीचा आहे. शेवटी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून प्लग काढून पाहावेत. त्यांचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा असावा. काळी काजळी दाटपणाची आणि पांढरी राख पातळपणाची खूण होय.

एवढे करूनही हे काम कायमचे संपत नाही. ही गाडी सिमल्यास नेली, तर सुमारे २२०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या चार-पंचमांश उरते आणि दिल्लीत जुळविलेले मिश्रण तेथे दाट ठरते. याच्या नेमका उलट प्रकार नव्या इंधनाने केला आहे. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले आणि २०२५ साली ते २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असल्यामुळे अशा इंधनाला पूर्ण जळण्यासाठी हवा कमी लागते. १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा भाग पुरतात. नव्या गाडीतील संगणक धुरातील प्राणवायू मोजून हा फरक आपोआप भरून काढतो. कार्बोरेटरला तसा ज्ञानतंतू नाही. शुद्ध पेट्रोलसाठी जुळविलेला कार्बोरेटर या इंधनावर पातळ चालतो, आणि पातळ मिश्रण काय करते हे आपण वर पाहिले. यासाठी नट काही पैलू खाली आणून पुन्हा परीक्षा घेणे आवश्यक ठरते. तेवढ्याने भागले नाही तर निराळ्या निमुळतेपणाची सुई बसवावी लागते. त्याखेरीज जुन्या प्रकारचे रबर आणि बुचाची पॅकिंगे इथेनॉलने खराब होतात, ती बदलून घ्यावीत. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने इंधन साठवून ठेवू नये.

कोणी म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षा नवी इंजेक्शन-पद्धतीच का बसवू नये? एक कारण कायद्याचे आहे. २०२१ साली केंद्र शासनाने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडीच या वर्गात बसते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. जुनी गाडी जपावयाची म्हणजे केवळ तिचा पत्रा आणि रंग जपावयाचा, असे नव्हे. ती कशी चालत असे, हे ज्ञानही जपावयाचे असते. ते ज्ञान पुस्तकात निम्मेच सापडते. उरलेले निम्मे ज्या मिस्त्रींच्या कानांत आणि बोटांत आहे ते आता वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या दुकानांत रबरी नळीची गरज उरलेली नाही.

कर्नलसाहेबांची गाडी दोन महिन्यांनी पुन्हा उभी राहिली, तेव्हा मिस्त्रींनी पकडी सैल केल्या आणि नळी स्वतःच्या कानाशी न धरता कर्नलसाहेबांच्या पंधरा वर्षांच्या नातीच्या हाती दिली. ती बराच वेळ पुढच्या कार्बोरेटरकडून मागच्याकडे आणि मागच्याकडून पुढच्याकडे जात राहिली. दोनदा तिने मान हलविली, आणि दोन्ही वेळा मिस्त्रींनी स्क्रू केसभर फिरविला. शेवटी ती म्हणाली, “आजोबा, आता दोन्हीकडे सारखाच आवाज येतो आहे.” मिस्त्रींनी तिच्या हातून नळी घेऊन स्वतः खात्री करून पाहिली नाही. त्यांनी पाना उचलला आणि पकडी आवळावयास घेतल्या.